पॉझिटिव्ह, पण आजारी नाही: हॉस्पिटलमधल्या निरोगी वाहकांचा इतिहास

मागच्या पावसाळ्यात माझं सॅम्पल कलेक्शन चालू होतं. आयसीयूच्या बाहेर, चेंजिंग रूमशेजारच्या छोट्या खोलीत मी स्वॅब घेत बसले होते. एक सीनियर सिस्टर आल्या, खुर्चीत बसल्या, मान मागे टाकली. मी स्वॅबचं पाकीट फोडणार तेवढ्यात त्या म्हणाल्या, "एक विचारू? पॉझिटिव्ह आलं तर माझी आयसीयूची ड्युटी काढतील का गं?"

मी संमतिपत्रातलं उत्तर दिलं. सॅम्पलवर नाव नसतं, फक्त कोड असतो. निकाल गोपनीय राहतो वगैरे. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि कुठला कोड कुणाचा, ती यादी कुणाकडे असते?"

यादी माझ्याच कपाटात होती. त्याच हॉस्पिटलमधल्या, एका साध्या कुलपाच्या कपाटात.

माझ्या पीएच.डी.चा विषय एका ओळीत सांगायचा तर असा: हॉस्पिटलमध्ये काम करणाऱ्या, स्वतः ठणठणीत असलेल्या माणसांच्या नाकात-घशात श्वसनमार्गाचे कोणते जंतू राहतात, आणि ऋतू बदलला की ते बदलतात का. मला वाटायचं की हा प्रश्न मुळात मायक्रोबायॉलॉजीचा आहे. सिस्टरांनी विचारलेला प्रश्न मात्र मायक्रोबायॉलॉजीचा नव्हता. म्हणून मी जुने पेपर काढून बसले. जे सापडलं ते तुमच्यासाठी लिहिते आहे, कारण तुमच्यापैकी अनेकजण 'कॅरिएज'वर सिनॉप्सिस लिहायच्या तयारीत असाल, आणि या विषयाचा इतिहास आपल्या पाठ्यपुस्तकांत दोन ओळींत उरकलेला असतो.

थुंकी कुणाची?

गोष्ट सुरू होते ती एका निरोगी डॉक्टरच्या थुंकीपासून. १८८० च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकन लष्करातले डॉक्टर जॉर्ज स्टर्नबर्ग न्यू ऑर्लीन्समध्ये काम करत होते. त्यांनी स्वतःची थुंकी सशांना टोचली. ससे मेले, आणि त्यांच्या रक्तात जोडीजोडीने राहणारे गोल जंतू दिसले. स्टर्नबर्गना स्वतःला काहीही झालेलं नव्हतं. त्याच वर्षी डिसेंबरात पॅरिसमध्ये लुई पाश्चर यांनी रेबीजने मेलेल्या एका मुलाची लाळ सशांना टोचली आणि त्यांनाही तसाच जंतू मिळाला. आधी त्याचा रेबीजशी संबंध असेल अशी शंका आली. पण मग तोच जंतू इतर आजारांनी गेलेल्या, आणि धडधाकट माणसांच्याही लाळेत सापडला. दोघांचेही निष्कर्ष १८८१ मध्ये छापून आले. ज्याला आज आपण न्यूमोकॉकस म्हणतो, तो हा जंतू. न्यूमोनियाशी त्याचं नातं पक्कं व्हायला आणखी काही वर्षं गेली.

इथे जरा थांबा. क्रम लक्षात घ्या. न्यूमोनियाचा सर्वांत महत्त्वाचा जंतू आधी निरोगी माणसाच्या तोंडात सापडला आणि नंतर त्याला 'रोगजंतू' हे नाव मिळालं. पाठ्यपुस्तक वाचून आपल्याला वाटतं की आधी रोगी, मग जंतू, आणि शेवटी कुणाला तरी 'निरोगी वाहक' सापडला. प्रत्यक्षात तो पहिल्या दिवसापासून तिथेच होता. फक्त त्याचं काय करायचं ते कुणाला कळत नव्हतं.

१८८४ मध्ये हीच अडचण फ्रीडरिश लोफ्लर यांच्यासमोर आली. ते बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत घटसर्पावर काम करत होते. एखादा जंतू एखाद्या रोगाचं कारण आहे हे सिद्ध करायच्या ज्या अटी आपण 'कॉखची गृहीतकं' म्हणून पाठ करतो, त्या लोफ्लर यांनी याच पेपरात स्पष्ट मांडल्या होत्या. आणि त्याच पेपरात त्यांनी हेही लिहिलं की तुलनेसाठी तपासलेल्या निरोगी मुलांपैकी एकाच्या घशात अगदी तसाच जंतू मिळाला. शिवाय, घटसर्पाच्या काही रोग्यांत तो मिळालाच नाही.

तुमच्या थिसिसमध्ये असं झालं तर काय कराल? खरं सांगायचं तर आपल्यापैकी बरेचजण तो एक नमुना 'कंटॅमिनेशन' म्हणून बाजूला ठेवतील. लोफ्लर यांनी तो ठेवला नाही. त्यांनी सांगितलं की माझा पुरावा इथे अपुरा पडतो. पुढच्या दहा वर्षांत न्यूयॉर्क शहराच्या आरोग्य खात्याच्या प्रयोगशाळेत विल्यम पार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेकडो घसे तपासले. बऱ्या झालेल्या रोग्यांच्या, रोग्यांच्या घरच्यांच्या, आणि रोग्याशी काहीही संबंध न आलेल्यांच्याही घशात घटसर्पाचे जंतू मिळाले. त्यातले काही विषारी होते, काही नव्हते. खुद्द कॉख यांनाही १८९३ पर्यंत पटकीच्या बाबतीत निरोगी वाहक असतात हे मान्य करावं लागलं. लोफ्लर यांना अडचणीत टाकणारं ते एक मूल म्हणजे एका नव्या विषयाची सुरुवात होती.

हातापासून नाकापर्यंत

आता हॉस्पिटलच्या आत जाऊ. तिथला पहिला संशयित नाक नव्हे, हात होता. अॅबर्डीनचे अलेक्झांडर गॉर्डन यांनी १७९५ मध्ये बाळंतज्वराबद्दल लिहिताना दाखवून दिलं की ठरावीक दायांनी आणि डॉक्टरांनी सोडवलेल्या बायकांनाच हा ताप येतो. त्या यादीत त्यांनी स्वतःलाही धरलं होतं. गावाने त्यांना त्याबद्दल क्षमा केली नाही. १८४७ मध्ये व्हिएन्नात सेमेलवाइस यांनी क्लोरिनच्या पाण्याने हात धुवायला लावून मृत्यू कमी करून दाखवले. त्यांची गोष्ट तुम्हाला माहीतच आहे. १८७९ मध्ये पाश्चर यांनी पॅरिसच्या वैद्यक अकादमीत फळ्यावर मण्यांच्या माळेसारखा जंतू काढून दाखवला आणि बाळंतज्वराचं कारण हे, असं सांगितलं. तो स्ट्रेप्टोकॉकस.

पण मग प्रश्न राहिला. हात धुतले, हत्यारं उकळली, तरी अधूनमधून ताप येतोच. तो येतो कुठून?

उत्तराचा एक धागा ब्रेस्लाऊमध्ये होता. तिथे कार्ल फ्ल्यूगे यांनी दाखवलं की नुसतं बोलतानाही तोंडातून बारीक थेंब उडतात आणि त्यांत जिवंत जंतू असतात. त्याच शहरातले सर्जन योहान मिकुलिच यांनी १८९७ मध्ये तोंडावर गॉजचा पदर बांधून ऑपरेशन करायला सुरुवात केली. १९०५ मध्ये शिकागोच्या अॅलिस हॅमिल्टन यांनी स्कार्लेट फीव्हरच्या रोग्यांच्या तोंडासमोर प्लेट धरून, खोकताना-रडताना किती स्ट्रेप्टोकॉकस उडतात ते मोजलं, आणि ऑपरेशनच्या वेळी सर्जन आणि नर्सेसनी तोंड झाकावं असं सुचवलं. या बाईंचं नाव पुढे कामगारांच्या आरोग्यासाठी गाजलं. मास्कच्या इतिहासात मात्र त्या बऱ्याचदा सुटतात.

१९२६ मध्ये न्यूयॉर्कच्या फ्रँक मेलेनी यांनी पुढचं पाऊल टाकलं. ऑपरेशननंतर जखमा चिघळू लागल्या तेव्हा त्यांनी ऑपरेशन थिएटरमधल्या माणसांचे नाक आणि घसे तपासले. निरोगी वाहक सापडले. पण इथे एक मोठी भेग होती, आणि ती तुम्हाला आत्ताच दिसली पाहिजे. जखमेत स्ट्रेप्टोकॉकस, सर्जनच्या नाकात स्ट्रेप्टोकॉकस. पण तो एकच आहे कशावरून? गल्लीत दोन घरांत पांढरी स्कूटर दिसली म्हणून ती एकाच मालकाची होत नाही.

ही भेग बुजवायला हत्यार हवं होतं, आणि ते १९३० च्या दशकात आलं. १९३३ मध्ये रिबेका लान्सफील्ड यांनी स्ट्रेप्टोकॉकसचे गट पाडायची रीत दिली. माणसांतले बहुतेक गंभीर आजार 'ए' गटाचे निघाले. १९३४ मध्ये लंडनच्या फ्रेडरिक ग्रिफिथ यांनी त्याच गटात आणखी बारीक प्रकार वेगळे केले. (हे तेच ग्रिफिथ, ज्यांचा न्यूमोकॉकसच्या रूपांतरणाचा १९२८ चा प्रयोग आपण जेनेटिक्सच्या पहिल्या धड्यात शिकतो.)

आणि १९३५ मध्ये लंडनच्या क्वीन शार्लट्स प्रसूती हॉस्पिटलशी जोडलेल्या डोरा कोलब्रुक यांनी या पद्धती वापरून बाळंतज्वराचा उगम शोधला. ताप आलेल्या आईचा जंतू, तिच्या स्वतःच्या घशातला, घरच्यांच्या घशातला, आणि तिला सोडवणाऱ्या डॉक्टर-सुईणीच्या नाका-घशातला, असे सगळे समोरासमोर ठेवले आणि प्रकार जुळतो का ते पाहिलं. अनेक प्रकरणांत तो जुळला, आणि अनेकदा जुळला तो प्रसूती करणाऱ्या माणसाशी. कधी त्या माणसाला थोडी सर्दी किंवा घसादुखी होऊन गेलेली असायची, कधी काहीच नसायचं.

डोरा यांचे भाऊ लेनर्ड कोलब्रुक त्याच हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेचे प्रमुख होते. १९३३ मध्ये त्यांनी हातांच्या निर्जंतुकीकरणासाठी एका नव्या द्रवाची चाचणी घेतली होती. आपल्या घरच्या बाथरूममध्ये असतं तेच डेटॉल. १९३६ मध्ये त्यांनी प्रॉन्टोसिलने, म्हणजे पहिल्या सल्फा औषधाने, बाळंतज्वराचे रोगी वाचवून दाखवले. त्यानंतर मृत्यू झपाट्याने उतरले. इतिहासात भावाचं औषध मोठ्या अक्षरात छापलं गेलं आणि बहिणीचा शोध छोट्या. पण संशोधनाची पद्धत शिकायची असेल तर मी तुम्हाला बहिणीचं काम वाचायला सांगेन.

मग ऋतू कुठे आला?

आतापर्यंतची सगळी कामं एका वेळच्या फोटोसारखी आहेत. रोगी आजारी पडला, धावत जाऊन आसपासच्यांचे घसे तपासले. पण नाक म्हणजे फोटो नाही. मार्चमध्ये जो आहे तो ऑगस्टमध्ये असेलच असं नाही.

१९१५ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटच्या हॉस्पिटलमध्ये डोशे आणि अॅव्हरी यांनी पाहिलं की न्यूमोनियाच्या रोग्यांच्या जवळ वावरणाऱ्या निरोगी माणसांत रोग्याचाच प्रकार मिळतो, आणि ज्यांचा असा संबंध नाही त्यांच्यात बहुधा दुसरे प्रकार असतात. १९३१ मध्ये त्याच संस्थेतले वेब्स्टर आणि ह्यूज यांनी वेगळी वाट धरली. त्यांनी तीच माणसं महिनोन्महिने पुन्हा पुन्हा तपासली. तेव्हा दिसलं की काहींच्या नाका-घशात न्यूमोकॉकस कधीच येत नाही, काहींच्यात येऊन जातो, काहींच्यात ठरावीक काळाने परततो, आणि काहींच्यात मुक्कामच ठोकतो. एकाच दिवशी तपासलं असतं तर हे सगळे 'पॉझिटिव्ह' आणि 'निगेटिव्ह' अशा दोनच डब्यांत गेले असते.

दुसऱ्या एका जंतूने आकड्यांची जादू उतरवली. पहिल्या महायुद्धात इंग्लंडमधल्या बराकींत मेनिंजायटिस पसरला तेव्हा कॅप्टन ग्लोव्हर यांनी सैनिकांचे घसे तपासले. खाटा जितक्या जवळ, तितके वाहक जास्त. खाटांत अंतर वाढवलं की प्रमाण उतरायचं. त्यांनी इशाऱ्याची एक पातळी सांगितली: वाहक २० टक्क्यांवर गेले की साथ जवळ आली असं समजा. हा आकडा सोपा होता, म्हणून तो नियम झाला. १९३४ मध्ये डडली आणि ब्रेनन यांनी एका ठिकाणी दीर्घकाळ टिकलेलं, त्याहून बरंच जास्त प्रमाण नोंदवलं, आणि मेनिंजायटिसचा एकही रोगी नाही! खाटांमधल्या अंतराचा धडा टिकला, आकड्याचा नियम नाही टिकला. तुमच्या निकालातला टक्का उद्या कुणी नियम म्हणून वापरेल, एवढं लिहिताना डोक्यात असू द्या.

मग दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मॉर्टन हॅम्बर्गर आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत आणखी एक वाटणी केली. स्ट्रेप्टोकॉकस नुसत्या घशात असलेला माणूस आणि नाकात असलेला माणूस सारखे नाहीत. नाकात असलेला कितीतरी जास्त जंतू आसपास सांडतो. रुमालावर, हातावर, कपड्यांवर. त्यांनी प्रश्नच बदलला: 'कोण वाहक आहे?' याऐवजी 'कोण पसरवतो?'

आणि इथून ऋतूची वाट उघडते. १९६० मध्ये न्यूयॉर्कमध्ये आयकेनवाल्ड आणि सहकारी नवजात बाळांच्या कक्षात स्टॅफिलोकॉकसचा माग काढत होते. बहुतेक बाळांच्या नाकात तो असूनही आसपास फारसा पसरत नव्हता. पण काही बाळांभोवती जणू जंतूंचा ढगच असायचा. ही बाळं कोणती? ज्यांना त्याच वेळी श्वसनाचा विषाणू लागला होता ती. त्यांनी त्यांना 'क्लाऊड बेबी' म्हटलं.

१९९६ मध्ये याची मोठ्या माणसाची आवृत्ती छापून आली. एका सर्जिकल आयसीयूमध्ये एमआरएसएची साथ आली आणि माग एका डॉक्टरपर्यंत पोहोचला. ते निरोगी वाहक होते. त्यांना मधे सर्दी झाली होती. संशोधकांनी त्यांच्या संमतीने त्यांना मुद्दाम सर्दीचा ऱ्हायनोव्हायरस दिला आणि हवेत किती स्टॅफ उडतो ते मोजलं. मास्क नसताना ते प्रमाण ४० पट वाढलं. मास्क लावल्यावर बरंच उतरलं. अर्थात हा एकच माणूस होता. नंतर अनेक स्वयंसेवकांवर असाच प्रयोग झाला तेव्हा वाढ दिसली, पण ती सरासरीने बरीच कमी निघाली. ४० हा आकडा भाषणात फेकायला छान आहे. थिसिसमध्ये तो लिहाल तेव्हा शेजारी 'एक माणूस' हेही लिहा.

म्हणजे विचार करा. नाकातला स्टॅफ कदाचित वर्षभर तोच असेल. बदलतं ते नाक. ऋतू येतो तो सर्दीच्या रूपाने, आणि शांत बसलेल्या वाहकाला काही दिवसांपुरतं पसरवणारं बनवतो. म्हणून 'कोणत्या महिन्यात किती टक्के पॉझिटिव्ह' एवढंच मोजलं तर ऋतूचा खरा परिणाम हातातून निसटू शकतो.

विषाणूंच्या बाबतीत तर 'निरोगी' हा शब्दच तपासून घ्यावा लागतो. १९९३-९४ च्या हिवाळ्यात ग्लासगोच्या चार हॉस्पिटलांतल्या ५१८ कर्मचाऱ्यांचं रक्त फ्लूच्या साथीच्या आधी आणि नंतर तपासलं गेलं. १२० जणांना, म्हणजे २३ टक्क्यांना, फ्लू होऊन गेल्याचा पुरावा मिळाला. त्यातल्या ५९ टक्के लोकांना आपल्याला फ्लू झाला होता हे आठवत नव्हतं, आणि २८ टक्के लोकांना तर श्वसनाचा कोणताच त्रास आठवत नव्हता.  हे वाहक म्हणायचे का? नाही, यांना संसर्ग झाला होता, फक्त तो जाणवला नाही किंवा लक्षात राहिला नाही. पण वॉर्डातल्या रोग्याच्या दृष्टीने फरक काय?

आणि हे 'हिवाळा' प्रकरण आपल्याकडे जसंच्या तसं उचलू नका. मुंबई, पुणे, नागपूर इथे फ्लूचा मुख्य हंगाम पावसाळा आहे, जुलै ते सप्टेंबर. श्रीनगरला तो जानेवारी ते मार्च असतो. एकाच देशात! इंग्लंड-अमेरिकेतल्या पेपरातून 'विंटर' आणि 'समर' असे दोन रकाने उचलून आणणारा सिनॉप्सिस मी स्वतः लिहिला होता. माझ्या गाईडनी पहिल्याच बैठकीत विचारलं, "यात पावसाळा कुठाय?"

पाहुणा की भाडेकरू?

पेनिसिलिन आल्यावर वाटलं होतं की हा सगळा विषय संपला. झालं उलटंच. लंडनमध्ये मेरी बार्बर यांनी आपल्या हॉस्पिटलमधल्या स्टॅफची नोंद ठेवली होती. १९४० च्या दशकाच्या अखेरीस अवघ्या दोन-तीन वर्षांत पेनिसिलिनला न जुमानणाऱ्यांचं प्रमाण अर्ध्याच्या वर गेलं. १९५० च्या दशकात '८०/८१' नावाचा प्रकार ऑस्ट्रेलियात लक्षात आला. सिडनीच्या फिलिस राउंट्री यांनी त्याचा माग काढला. बघता बघता तो जगभरच्या प्रसूतिकक्षांत आणि सर्जिकल वॉर्डांत पोहोचला. मेथिसिलिन बाजारात आलं आणि १९६१ मध्ये पॅट्रिशिया जेव्हन्स यांनी त्यालाही दाद न देणारे स्टॅफ नोंदवले. हॉस्पिटलमधल्या माणसांची नाकं पुन्हा चर्चेत आली.

१९६३ मध्ये आर. ई. ओ. विल्यम्स यांनी स्टॅफच्या निरोगी वाहकांवर तोपर्यंत झालेल्या कामांचा मोठा आढावा घेतला. पुढे साधारण अशी वाटणी रूढ झाली: सुमारे २० टक्के माणसं कायमची वाहक, सुमारे ६० टक्के अधूनमधून, आणि २० टक्के जवळजवळ कधीच नाही. म्हणजे काही नाकांत स्टॅफ भाडेकरू असतो, काहींत पाहुणा. २००९ मध्ये व्हॅन बेल्कम आणि सहकाऱ्यांनी तर सुचवलं की 'कायमचे' आणि 'बाकी सगळे' अशा दोनच गटांना अर्थ आहे. वाद अजून संपलेला नाही, आणि तुमच्यासाठी ही चांगली बातमी आहे.

पण यातून एक गोष्ट थेट निघते. एका स्वॅबवरून पाहुणा आणि भाडेकरू ओळखता येत नाही. आपल्याकडे मात्र 'हॉस्पिटल कर्मचाऱ्यांत स्टॅफचं प्रमाण' अशा नावाचं बरंचसं काम एकाच स्वॅबवर उभं असतं, कारण डिसर्टेशनला वेळ कमी असतो आणि प्लेट्स महाग असतात. मी कुणाला नावं ठेवत नाही, माझ्या एम.एस्सी.चा प्रोजेक्टही तसाच होता.

सिनॉप्सिस लिहिण्याआधी

या इतिहासातून मी माझ्या कामात काय बदललं ते सांगते. तुमच्या उपयोगी पडेल ते घ्या.

पहिलं, तीच माणसं पुन्हा पुन्हा. उन्हाळ्यात शंभर आणि पावसाळ्यात वेगळी शंभर तपासली तर तुम्ही ऋतू मोजत नसता, माणसं मोजत असता. आपल्या हॉस्पिटलांत ही अडचण दुप्पट आहे. इंटर्नची बॅच बदलते, रेसिडेंटचं पोस्टिंग फिरतं, सरकारी बदल्या उन्हाळ्यात होतात, गणपती-दिवाळीत निम्मा स्टाफ रजेवर असतो. ऋतू बदलतो तेव्हा वॉर्डही बदललेला असतो.

दुसरं, प्रत्येक स्वॅबबरोबर 'आज सर्दी आहे का, गेल्या पंधरवड्यात होती का' हा रकाना. आणि 'गेल्या महिन्यात अँटिबायोटिक घेतलं का' हाही. हॉस्पिटलच्या माणसांना औषध घ्यायला चिठ्ठी लागत नाही, हे तुम्हालाही माहीत आहे.

तिसरं, डोरा कोलब्रुक. जंतूचं नाव जुळलं म्हणजे जंतू जुळला असं नाही. टायपिंग किंवा सिक्वेन्सिंग परवडत नसेल तर नमुने नीट साठवून ठेवा, आणि थिसिसमध्ये 'कर्मचाऱ्यांकडून रोग्यांना' असं वाक्य लिहू नका. ते तुम्ही दाखवलेलं नाही. उलट दिशाही तितकीच शक्य आहे: डोशे-अॅव्हरींच्या निरोगी माणसांना जंतू रोग्यांकडूनच मिळाला होता.

चौथं, फक्त डॉक्टर आणि सिस्टर म्हणजे हॉस्पिटल नाही. वॉर्डातले मामा, मावशी, लिनन नेणारे, जेवणाच्या ट्रॉलीवाले, हे रोग्याच्या तितकेच जवळ असतात. त्यांची नावं यादीत नसतात, कारण बरेचजण कंत्राटी असतात. आणि पॉझिटिव्ह आल्यावर सर्वांत आधी कामावरून कमी होण्याची भीती त्यांनाच असते.

इथे आपण सिस्टरांच्या प्रश्नावर परत येतो. या सगळ्या इतिहासात वाहक म्हणून ज्यांच्याकडे बोट गेलं ते बहुतेक वेळा ड्युटीवर असलेले, हात धुतलेले, नियम पाळणारे लोक होते. गॉर्डन यांनी दायांची नावं छापली. त्यात स्वतःलाही धरलं म्हणून त्या यादीला थोडी नैतिक ताकद आहे. आपण संशोधक मात्र स्वतःच्या नाकात स्वॅब न घालता दुसऱ्यांची यादी कपाटात ठेवतो. साथ नसताना सगळ्या कर्मचाऱ्यांचं सरसकट स्क्रीनिंग करू नये असं आजचा सर्वसाधारण सल्ला सांगतो. याचं कारण जंतू धोकादायक नाही हे नव्हे. नाकात जंतू असणं इतकं सामान्य आहे की त्यावरून कुणाला घरी बसवलं तर वॉर्ड चालणार नाही, आणि दुसऱ्या दिवशी स्वॅब द्यायला कुणी येणारही नाही.

मी एथिक्स कमिटीकडे दुरुस्ती पाठवली. आता कोडची यादी हॉस्पिटलमध्ये नसते. ती बंद पाकिटात विद्यापीठात, माझ्या गाईडकडे असते. निकाल फक्त त्या व्यक्तीला, तोंडी, आणि तिला हवा असेल तरच. हे सगळं मराठी संमतिपत्रात पहिल्या पानावर आहे, चौथ्यावर नाही. आणि यादीतला पहिला कोड माझा स्वतःचा आहे. पहिल्या फेरीत मी पॉझिटिव्ह होते, दुसऱ्या फेरीत नव्हते. पाहुणाच असावा.

डिसेंबरच्या फेरीला त्या सिस्टर पुन्हा आल्या. नाक लाल, हातात रुमाल. बसताबसता म्हणाल्या, "यादी?" मी सांगितलं कुठे आहे ते. त्यांनी मान मागे टाकली. मी स्वॅब घेतला, आणि सर्दीच्या रकान्यात 'हो' लिहिलं.